एक्सचेंजमधून देवकते बोलतोय

माझे वडील मेंढरं राखायचे. त्यांची एक हाक होती, जीभ टाळूला लावून काढलेली. ती ऐकली की डोंगराच्या उतारावर पांगलेलं सगळं खांड गोळा व्हायचं. तीच हाक मी मारली, चुलत्यानं मारली, तर मेंढरं मान वर करून बघायची आणि पुन्हा चरायला लागायची. आवाज कुणाचा आहे हे त्यांना कळायचं. मी मात्र शिकलो, टेलिफोन खात्यात लाईनमन झालो आणि जन्मभर माणसांच्या कानाला आवाज जोडून देण्याचं काम केलं. तेव्हा लक्षात आलं की या बाबतीत मेंढरू माणसापेक्षा पुष्कळ पुढं आहे.

नव्वदीच्या दशकात माझी बदली धारूरला झाली. घाट चढून वर आलं की किल्ला, किल्ल्याच्या अंगाला गाव, गावात लहानसा बाजार. सरकारनं बाजार मोकळा केला, बाहेरच्या कंपन्या येणार, असं पेपरात रोज छापून यायचं. धारूरला त्यातलं पहिल्यांदा काय आलं असेल तर टेलिफोन. आधी अर्ज केल्यावर फोन मिळेपर्यंत पोरगं शाळेतून कॉलेजात जायचं. आता फोन लवकर मिळायला लागले आणि गावात कुणाकडे फोन आहे, यापेक्षा कुणाकडे नाही, हे लोक मोजायला लागले.

लाईनमनचं काम सांगायला सोपं आहे. एक्सचेंजमधून जमिनीखालून केबल निघते. ती रस्त्याकडेच्या लोखंडी कपाटात येते. त्या कपाटाला आम्ही पिलर म्हणतो. तिथून खांबावर, खांबावरून घरात. प्रत्येक फोनची तारांची एक जोडी असते. ती जोडी कुठंही तुटली, भिजली, उंदरानं कुरतडली की फोन मुका होतो आणि लाईनमनच्या नावानं शिव्या सुरू होतात. खांद्याला तपासायचा फोन अडकवायचा, सायकल काढायची आणि तार धरून निघायचं. बाकी सगळं काम माणसांशी असतं, आणि तेच अवघड.

फोन घेतला की लोक पहिल्यांदा त्याला कुलूप लावायचे. खोटं सांगत नाही. आकड्यांची तबकडी फिरवायच्या फोनला बसेल असं पितळी कुलूप बाजारात मिळायचं. तबकडीच्या भोकात घातलं की ती फिरत नसे. किल्ली मालकाच्या जानव्याला, नाहीतर करदोट्याला. पण फोन ज्यावर ठेवतात तो खटका ठराविक तालात टकटक दाबला की नंबर लागतो, हे दुकानातल्या नोकरांना मालकाच्या आधी कळलेलं असायचं. मालक कुलूप ओढून बघून घरी जायचा, आणि मागं टकटक सुरू व्हायची.

लोकांचा एक्सचेंजवर मात्र अपार विश्वास होता. एक निवृत्त हेडमास्तर होते. अख्ख्या तालुक्याला त्यांनी व्याकरण शिकवलेलं. एका सकाळी त्यांची तक्रार आली म्हणून गेलो, तर फोन गव्हाच्या रिकाम्या पोत्यात घालून तोंड सुतळीनं बांधलेलं.

"सर, हे काय?"

"तुमच्या कचेरीतूनच फोन होता. आज तारांमधली धूळ हवा मारून काढणार आहेत. रिसीव्हरमधून घरात धूळ येईल, म्हणून पोत्यात घालून ठेवा, असं सांगितलं. अजून किती वेळ लागेल?"

मी पोतं सोडलं. कुणीतरी जुन्या विद्यार्थ्यानं व्याकरणाचा सूड घेतला होता. सरांना तसं सांगायची माझी हिंमत झाली नाही. "झाली सर, साफ झाली," म्हणालो. त्यांनी फोन कानाला लावला आणि म्हणाले, "हां, आता आवाज स्वच्छ आहे."

तेव्हा मी हसलो होतो. पुढं जे झालं त्यानंतर हसू आलं नाही.

बाजारात मन्मथअप्पांचं भुसार आणि किराण्याचं दुकान होतं. लिंगायत वाण्यांचं जुनं घर, पुढं दुकान, मागं राहणं. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. अप्पांनी धारूरच्या बाजारात पहिला परदेशी लागणारा फोन घेतला. अप्पांच्या रक्ताचं परदेशात कुणीच नव्हतं. सोलापूरच्या पुढं त्यांचा व्यवहार नव्हता. पण दुकानाच्या पाटीवर 'एसटीडी-आयएसडी' असं रंगवून घेतलं आणि त्या पाटीखाली ते पूर्वीपेक्षा ताठ बसायला लागले. समोरच्या खत-बियाण्याच्या दुकानदारानं, जाधवानं, ते बघून महिन्याभरात आयएसडी घेतलं. त्याचंही परदेशात कुणी नव्हतं.

त्याच सुमारास आमच्याकडे नवं इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज आलं आणि फोनला नवं कुलूप आलं. पितळी नव्हे, आकड्यांचं. गिऱ्हाइकानं स्वतःचा गुप्त कोड ठरवायचा. तो दाबला की बाहेरगावचे कॉल सुरू, पुन्हा दाबला की बंद. आजकाल बँकेच्या नावानं फोन करून लोक मोबाईलवर आलेला ओटीपी विचारतात ना, त्याचा हा थोरला भाऊ समजा. कोड कसा वापरायचा हे मीच अप्पांना शिकवलं.

"हा कुणाला सांगायचा न्हाई, अप्पा."

"बायकूला सांगीन का मी? पोराला बी न्हाई सांगनार." आणि खरंच सांगितला नाही. गुरुलिंगला, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाला, लातूरच्या अडतीला फोन करायचा असला तरी तो बापाची वाट बघत बसायचा. अप्पा येणार, फोनवर पाठीनं आडोसा करणार, कोड दाबणार आणि बाजूला होणार.

गुरुलिंगची बायको महानंदा. अंबाजोगाईची, बारावी झालेली, लग्नाला दोनेक वर्षं झालेली. तिचा भाऊ मस्कतला मेकॅनिक होता. एकदा मी दुकानात असताना तिनं दाराआडून सासऱ्यांना विचारलं होतं, "मामंजी, दादाला एक फोन लावू का? पैसे दादाकडूनच मागवून देते."

"इथून मस्कतला? काय मेलं-बिलं हाय का कुणी?" अप्पा म्हणाले. ती आत गेली. परत कधी तिनं विचारल्याचं मला माहीत नाही.

मग ते बिल आलं.

आकडा सांगत नाही. एवढंच सांगतो की अप्पांनी तो तीन जणांकडून वाचून घेतला आणि तिघांनी तोच वाचला. तेव्हाच्या बिलात कुठं फोन केला ते नसायचं, फक्त युनिटची बेरीज असायची. तपशील हवा तर जिल्ह्याला अर्ज, आणि मग वाट बघा. अप्पा तडक एक्सचेंजमध्ये आले. साहेबांनी मीटर तपासलं आणि म्हणाले, "मीटर बरोबर आहे. एवढे युनिट परदेशी कॉलशिवाय पडत नाहीत. घरात विचारा."

'घरात विचारा' हे दोन शब्द साहेबांना फार महत्त्वाचे वाटले नसतील.

मला लाईन बघायला पाठवलं. मी सकाळी गेलो. दुकानातलं जोडकाम बघितलं, खांबावर चढलो, पिलर उघडून जोडी तपासली. सगळं जागच्या जागी. खाली उतरून दुकानात गेलो तर आतल्या घरातून अप्पांचा आवाज येत होता.

"दुपारी दुकान बंद असतंय. मी पूजेला, जेवायला आत. फोन बाहेर एकटा. आतलं दार कुनाला उघडं हाय? तुला! मस्कतला भाऊ कुनाचा हाय? तुजा!"

"मला कोड माहीत नाही, मामंजी."

"चहा घिऊन येतीस तवा बोटाकडं बघत आसशील."

"मी फोन केला नाही."

"मग काय देवानं केला का?"

गुरुलिंग दाराच्या चौकटीला धरून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं जमिनीकडे बघितलं. मी मध्ये पडून म्हणालो, "अप्पा, कोड अजून कुणाला सांगितलाय का? नीट आठवा."

"कुनालाच न्हाई," अप्पा म्हणाले. "आपल्या लिंगावर हात ठिवून सांगतो." आणि त्यांनी खरंच गळ्यातल्या लिंगाला हात लावला. तो माणूस खोटं बोलणारा नव्हता. महानंदाही मला खोटं बोलणारी वाटत नव्हती. पण लाईनमनच्या वाटण्याला कोण विचारतं?

दोन दिवसांनी महानंदाचे वडील आले आणि तिला घेऊन गेले. एसटी स्टँडवर मी पिलरपाशी काम करत होतो. ती पुढच्या खिडकीत बसली होती, मांडीवर ट्रंक घेऊन. रडत नव्हती. स्टँडवर दोन-चार बायका एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या. बाजारात तोवर गोष्ट वाढली होती; फोन भावालाच होते का आणखी कुणाला, इथपर्यंत ती गेली होती. नंतर कळलं की अंबाजोगाईलाही ती तिच्या आधी पोचली होती. लहान बहिणीची ठरत आलेली सोयरीक पाहुण्यांनी थांबवली.

अप्पांनी बिल भरायचं नाकारलं. मग नियमाप्रमाणे त्यांचा फोन एकतर्फी झाला. बाहेरून येईल, इथून जाणार नाही. 'एसटीडी-आयएसडी'च्या पाटीखाली अप्पा आता जरा वाकून बसायला लागले.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी जाधवाच्या दुकानात त्याचा फोन दुरुस्त करत होतो. खरखर होती, वायरचं टोक गंजलेलं. ते कापून नवं लावलं, फोन जाग्यावर ठेवला आणि तो लगेच वाजला. जाधव गिऱ्हाइकाला पोतं मोजून देत होता. तो म्हणाला, "घे बे, तूच बघ चाललाय का."

मी उचलला. "हॅलो."

"नमस्कार साहेब," पलीकडून गोड आवाज आला, "एक्सचेंजमधून देवकते बोलतोय."

आयुष्यात मी पुष्कळ आवाज ऐकले. राँग नंबर ऐकले, एकात एक घुसलेल्या लाईनी ऐकल्या. पण मी स्वतः मला फोन केल्याचं पहिल्यांदाच ऐकत होतो.

"कोण?" मी विचारलं.

"देवकते, साहेब. लाईनमन. ओळखलं नाहीत का?" थोडी नाराजीही होती त्या आवाजात. "नवीन मशीन बसवल्यामुळे सगळ्यांचे कोड तपासून घेतोय. तुमचा जुना कोड सांगता का? नाहीतर उद्यापासून बाहेरगावचे फोन बंद पडतील. तुमची गैरसोय नको म्हणून स्वतः फोन केला."

तो माझ्यापेक्षा चांगला देवकते होता. मी कुणाला कधी 'साहेब' म्हणालो नव्हतो, कुणाच्या गैरसोयीची एवढी काळजी केली नव्हती. आणि मी फोनवर नेहमी 'बोलायलोय' म्हणतो, आमच्याकडे तसंच बोलतात. हा 'बोलतोय' म्हणत होता. त्यानं मला सुधारून घेतलं होतं.

"मालक बाहेर गेलेत," मी आवाज जाड करून म्हणालो. "थोड्या वेळानं करा."

फोन ठेवला. जाधवाला सांगितलं तर तो आधी हसला, मग घाबरला, मग म्हणाला, "मी सांगून टाकला असता बे. तुजं नाव ऐकून कोण इचारतंय?"

मी तसाच रस्ता ओलांडून अप्पांकडे गेलो.

"अप्पा, तुम्हाला कधी एक्सचेंजमधून फोन आलता का? कोड विचारायला?"

अप्पांनी माझ्याकडे, मला ऊन लागलंय की काय, असं बघितलं. "तुमीच केलता की. दिवाळीच्या आदी."

"मी?"

"तुमीच. मशीन बदललंय म्हनला, कोड तपासायचाय म्हनला. मी सांगितला."

"अहो, मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही लिंगावर हात ठेवून सांगितलं, कुणालाच सांगितला नाही म्हणून!"

"मग खरंच हाय ना," अप्पा चिडून म्हणाले. "एक्सचेंजला सांगितला म्हंजे कुनाला सांगितला का? आन् तुमचं तुमाला सांगायला मला काय येड लागलंय?"

मी त्यांच्यासमोर पोत्यावर बसलो. मग सावकाश म्हणालो, "अप्पा, तो मी नव्हतो."

अप्पा डाव्या हातानं गळ्यातलं लिंग चाचपत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "मग ती?"

"तिला कोड माहीतच नव्हता. ती तेच सांगत होती."

आम्ही तिघांनी, म्हणजे अप्पा, जाधव आणि मी, सापळा लावला. सापळा म्हटलं की फार हुशारी वाटते. तसं काही नव्हतं. जाधवाचा कोड मी बदलून दिला आणि त्या माणसाचा फोन परत आला तेव्हा जाधवानं तो नवा कोड सांगून टाकला. सांगताना माझ्याकडे बघत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "बिल आलं तर तुज्या पगारातून, बे."

मग दुपार झाली, बाजार बंद झाला. जाधवानं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि आम्ही फोनकडे बघत बसलो. लाईनीवर दुसऱ्यानं कुठं फोन जोडला आणि नंबर फिरवायला लागला की इकडच्या फोनची घंटी अगदी बारीक टिणटिणते. लक्ष नसेल तर ऐकू येत नाही. बंद दुकानात ऐकायला कुणी नसतंच. ती टिणटिण आम्हाला ऐकू आली. मी हळूच फोन उचलला. एक म्हातारी बाई बोलत होती. "...बेटा, गोळ्या येळेवर खातो का? खातो का न्हाई, सच्ची बोल..."

जाधवाला तिथंच ठेवून मी आणि अप्पा निघालो. मी सायकल हातात धरलेली, अप्पांच्या डोक्याला टोपी नाही, पायात चपला उलट्यासुलट्या. बाजारातल्या जोड्या ज्यात येतात त्या स्टँडजवळच्या पिलरचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत जाधवाच्या जोडीवर दोन चिमटे लावलेले. त्यांची तार मागच्या भिंतीवरून गेली होती. भिंतीपलीकडे पूर्वी टायपिंगचा क्लास चालायचा. आता खोली बंद असते असं सगळे समजत होतो. दुपारपुरती तार लावायची, काम झालं की काढायची, आणि कोड दाबून कुलूप परत लावून ठेवायचं. इतका व्यवस्थित चोर मी नोकरीत दुसरा बघितला नाही. सकाळी येऊन तपासणाऱ्याला काय सापडणार?

दार ढकललं. टायपिंगच्या बाकांवर सात-आठ बायका ओळीनं बसल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, दवाखान्यात बसतात तशा. कुणाचा नवरा सौदीला, कुणाचा मुलगा दुबईला. टेबलाशी फोन, आणि फोनपाशी बंडू.

बंडूला मी ओळखत होतो. केबल पुरायचं काम ठेकेदाराकडे होतं तेव्हा तो खड्डे खणायला होता. माझ्या शेजारी बसून माझ्या डब्यातली भाकरी खाल्लेला. पिलर कसा उघडतो, जोडी कशी ओळखायची, हे तो मला बघून शिकला होता. मी गिऱ्हाइकांशी काय बोलतो, तेही.

"हरामखोरा!" अप्पा ओरडले. त्यांचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. "माज्या फोनवरून अख्ख्या गावाला अरबस्तान दाखवतो का बे!"

फोनवरच्या म्हातारीनं मान न वळवता हात वर केला. रशीदाबी होती ती. अप्पांच्याच दुकानातून दर आठवड्याला साखर-चहापत्ती नेणारी.

"अप्पा, दोन मिन्टं," ती म्हणाली. "पोरगा लाइनवर हाय." आणि फोनमध्ये म्हणाली, "न्हाई बेटा, कुच न्हाई. बनिये आलेत. तू बोल."

मी चिमटे काढायला पिलरकडे निघालो होतो. अप्पांनी माझा दंड धरला.

"थांबा," ते म्हणाले. "तिचं होऊ द्या."

आम्ही चोराच्या खोलीत उभे राहिलो. रशीदाबी मुलाला विचारत होती, उन्हात काम करतो तर डोक्याला काही बांधतो का. बंडू भिंतीला चिकटून उभा, बायका खाली बघत, अप्पा बाकाला टेकलेले. तिनं फोन ठेवला, डोळे पुसले, कनवटीला हात घातला आणि सवयीनं बंडूला पैसे दिले. बंडूनंही सवयीनं घेतले.

पोलिसांकडे नेताना अप्पांनी त्याला विचारलं. "मीच कावून रे? गावात दुसरं कुनी न्हवतं?"

"तुमी लगीच सांगितला, अप्पा," बंडू खरं तेच बोलला. "बाकीचे लई इचारत बसायचे."

"आन् ह्यांचं नाव कावून घेतलं?"

"देवकतेभाऊंचं नाव घेतलं की कुनी संशय घेत न्हाई."

नोकरीत मला प्रशस्तिपत्रक कधी मिळालं नाही. ते एवढंच, आणि तेही चोराकडून. बंडू काही महिन्यांत सुटला, पुढं पुण्याकडं गेला असं ऐकलं. अप्पांच्या बिलाचं काय? कोड गिऱ्हाइकानं आपल्या तोंडानं दिला, त्याला खातं काय करणार, असं उत्तर आलं. हप्ते बांधून मिळाले, एवढीच दया. अप्पांनी ते मुकाट्यानं भरले.

बिल भरणं सोपं होतं. त्या रविवारी अप्पा मला म्हणाले, "अंबाजोगाईला चला. तुमी सोबत असला म्हंजे तिला पटंल, तो तुमी न्हवता म्हनून." गुरुलिंगही होता.

महानंदाच्या वडिलांनी पाणी दिलं, चहा दिला, बस म्हणाले, पण स्वतः बसले नाहीत. ती बाहेर आली. अप्पांनी सगळं सांगितलं. बंडू, पिलर, टायपिंगचा क्लास. सांगताना माझ्याकडे बघून सारखं विचारत होते, "हाय का न्हाई, देवकतेभाऊ?" मी मान डोलवत होतो.

ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मामंजी, त्या माणसाचं तोंड तुम्ही बघितलं होतं का?"

"न्हाई."

"मी दोन वर्षं तुमच्यासमोर होते. त्यानं विचारलं आणि तुम्ही लगेच सांगितलं. मी सांगितलं ते तुम्ही एकदा तरी खरं धरून बघितलं का?"

अप्पांनी हात जोडले. सुनेपुढं सासऱ्यानं हात जोडणं आमच्या भागात सोपं नाही. तिच्या वडिलांनी मान फिरवली. ती मात्र गुरुलिंगकडे बघत होती. हात जोडायची खरी गरज त्याची होती, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. त्यानं खिशातून रुमाल काढला, परत ठेवला.

"मी आज येणार नाही," ती म्हणाली. "आधी बहिणीच्या पाहुण्यांकडे जा. हे सगळं जसंच्या तसं त्यांना सांगा. ह्यांनी सांगायचं." ती नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

गुरुलिंग गेला. काय बोलला मला माहीत नाही, पण तो एकटा गेला. ती सोयरीक काही परत जुळली नाही. बहिणीचं लग्न पुढं दुसरीकडे झालं, चांगलं झालं. महानंदा गुढीपाडव्याच्या सुमारास धारूरला आली. घरात पूर्वीसारखं सगळं झालं का, ते बाहेरच्या माणसाला काय कळणार? तिनं सासऱ्यांना माफ केलं असावं. नवऱ्याच्या बाबतीत मला तितकी खात्री नाही. दुपारी दुकान बंद असताना फोन घ्यायचं काम मात्र अप्पांनी स्वतःहून तिच्याकडे दिलं, आणि कोडही. कोड सांगताना त्यांनी पाठ केली नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं.

त्या पावसाळ्यात घाटाखाली केबल भिजली आणि बाजारातल्या निम्म्या फोनांवर खरखर सुरू झाली. दुपारी मी एक्सचेंजमध्ये बसून एकेक लाईन तपासत होतो. अप्पांचा नंबर लावला. महानंदानं उचलला.

"एक्सचेंजमधून देवकते बोलायलोय, ताई. लाईन तपासायचीय. खरखर येतीय का?"

"कोण?"

"देवकते. आवाज ओळखला न्हाई का?"

"ओळखला, भाऊ," ती म्हणाली. "तरी ठेवा. मीच एक्सचेंजला लावते."

आणि तिनं फोन ठेवून दिला. समोर बसलेल्या साहेबांनी विचारलं, "काय झालं? रागावल्या का?"

"न्हाई," मी म्हणालो. "ओळख पटवून घ्यायल्यात."

इतकी वर्षं मी लोकांच्या दारात उभा राहिलो. कुणी मला देवकते कशावरून, असं विचारलं नव्हतं. आज विचारलं गेलं तर वाईट वाटायला हवं होतं. मी हात पुसले, खुर्ची पुढं ओढली आणि फोनकडे बघत बसलो. फोन वाजला.

"एक्सचेंज," मी म्हणालो.

"देवकते आहेत का तिथं?"

"हाय. मीच बोलायलोय."

"हां," महानंदा म्हणाली. "आता विचारा काय विचारायचं ते."